पौगंडावस्थेतील की किशोरवयीन? आणि मग 'कुमार' कोण?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात डिचोलीकडच्या एका हायस्कुलात पालक-शिक्षक संघाने आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी एक कार्यक्रम ठेवलाय. विषय, या वयात शरीरात आणि मनात होणारे बदल. पत्रिकेचा मसुदा करणाऱ्या बाईंनी 'पौगंडावस्थेतील मुला-मुलींसाठी' असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते खोडून 'किशोरवयीन' केलं. संघाच्या अध्यक्षांना 'युवक' हवंय. आणि एका पालकांनी तर 'पौगंड ही शिवी आहे, माझ्या मुलीच्या पत्रिकेवर ती नको' अशी हरकतच घेतली. बाई विचारतात, यातलं बरोबर कोणाचं? आणि 'किशोर' म्हटलं की त्यात मुली येतात का?

बाई, तुमच्या मुख्याध्यापकांचं बरोबर आहे. 'किशोरवयीन मुलांसाठी' असंच छापायला द्या. मुली त्यात येतात, कशा ते शेवटी सांगतो. अध्यक्षांचा 'युवक' आठवीतल्या पोराला ढगळ होतो. हरकत घेणाऱ्या पालकांचं म्हणणं जसंच्या तसं खरं नाही, पण त्यांच्या कानाला जे खटकलं ते अगदीच निराधारही नाही. मी फोंड्यात मुद्रितशोधनाचं आणि भाषांतराचं काम करतो. शाळांची वार्षिकं, मंडळांच्या स्मरणिका, आरोग्याची माहितीपत्रकं, सरकारी सूचना असं बरंच काही हाताखालून जातं, आणि या वयाच्या मुलांना म्हणायचं काय, यावर दर वेळी कोणी ना कोणी अडतंच. म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

मूळ घोळ असा आहे की 'पौगंडावस्था' हे अवस्थेचं नाव आहे आणि 'किशोर' हे माणसाचं. अवस्थेवर बोलायचं असेल, म्हणजे व्याख्यानाचा विषय, पुस्तकातलं प्रकरण, डॉक्टरांचा लेख, तर 'पौगंडावस्थेतील बदल' अगदी योग्य. पण त्याच अवस्थेची पाटी माणसाच्या गळ्यात अडकवली की ऐकणाऱ्याला ते बोचतं. रजोनिवृत्तीवर व्याख्यान ठेवता येतं, पण 'रजोनिवृत्तीतील महिलांनी पुढच्या रांगेत बसावं' असं कोणी माईकवरून पुकारत नाही. तुमच्या पत्रिकेत नेमकं तेच झालंय. 'विषय: पौगंडावस्था, समज आणि गैरसमज' असं असतं तर त्या पालकांनी बहुधा हूं की चूं केलं नसतं. 'पौगंडावस्थेतील मुलींसाठी' म्हटल्यावर मात्र त्यांना आपली मुलगी डोळ्यांसमोर आली.

आता त्यांच्या 'शिवी'बद्दल. 'पौगंड' हा शब्द जुना, संस्कृतातला, आणि मुळात फक्त वय सांगणारा. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण-बलराम पौगंड वयाचे झाले आणि गुरं राखायला लायक ठरले असा उल्लेख येतो. पण हे पौगंड वय म्हणजे काय, तर टीकाकारांनी दिलेल्या श्लोकाप्रमाणे पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर आणि तिथून पुढे यौवन. म्हणजे त्या हिशोबाने पौगंड हा तिसरी-चौथीतला मुलगा झाला! धर्मशास्त्राचा हिशोब निराळा. तिथे सोळा वर्षांखालचा, व्यवहार करायला अजून लायक न झालेला तो पोगंड ('पौगंड'चंच दुसरं रूप). मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मालमत्तेच्या ताब्याचा नियम सांगताना मालक 'अजड' आणि 'अपोगंड' असेल तर, अशी अट घातली आहे. खुळाही नाही आणि अज्ञानही, म्हणजे अल्पवयीनही, नाही, असा. आजच्या कोर्टाच्या भाषेत ज्याला आपण सज्ञान म्हणतो तोच.

पण संस्कृत कोशांत 'पोगंड'ला दुसराही एक अर्थ दिलेला आहे: ज्याच्या अवयवांत काही कमी-जास्त आहे असा, अंगाने अपुरा. शिवाय बोलीत 'अगदीच पोगंड आहेस' म्हटलं की त्यात कच्चेपणाचा टोमणा असतोच. त्यात आपल्या कानाला न्यूनगंड, अहंगंड हे शब्द सवयीचे, तेव्हा 'गंड' ऐकलं की काहीतरी आजार असावा असं वाटतं. म्हणून म्हटलं, पालकांचा कान तसा तिखट आहे. ही शिवी नाही, पण लाडाने हाक मारायचाही शब्द नाही.

मग पाच ते दहा वर्षांचा हा शब्द आठवी-नववीवर कसा येऊन बसला? शिक्षणशास्त्राच्या आणि मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांना बाल्य आणि तारुण्य यांच्या मधल्या काळासाठी भारदस्त नाव हवं होतं. कोणी कुमारावस्था म्हटलं, कोणी किशोरावस्था, कोणी पौगंडावस्था. तिन्ही नाणी चालली. त्यात 'पौगंडावस्था' मास्तर मंडळींत आणि डॉक्टरांत जास्त रुजला, याचं कारण माझ्या मते इतकंच की कुमार आणि किशोर हे रोजच्या वापरातले, मुलांची नावं असलेले शब्द. साठीच्या किशोरकाकांना किशोरावस्था म्हणजे आपलीच अवस्था वाटायची! पौगंड नावाचं मात्र कोणाच्या घरी कोणी नव्हतं. शास्त्राला असा कोरा शब्द बरा पडतो. आज मराठीत 'पौगंडावस्था' म्हणजे साधारण दहा-अकरा ते अठरा-एकोणीस हा अर्थ पक्का झालाय, आणि श्लोक पुढे करून तो चूक ठरवण्यात हशील नाही. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात.

तरीही सभेत मोठ्याने वाचायच्या मजकुरात मी तो टाळतो, आणि त्याचं कारण अर्थाशी नाही, जिभेशी आहे. सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत अशाच कार्यक्रमाला गेलो होतो. सूत्रसंचालन दहावीतल्या एका चुणचुणीत मुलीकडे. सगळं धडाधड म्हणत आली आणि 'पौगंडावस्था'वर अडली. 'पौं...' म्हणून थांबली, मग 'पौंगड...', मग पुन्हा पहिल्यापासून. मागच्या बाकांवर खसखस पिकली, पोरीचे कान लाल. पाहुणे डॉक्टर उठले, माईक हातात घेतला आणि 'वयात येताना काय काय होतं, त्याबद्दल बोलूया' म्हणाले. सभागृह गप्प. मागे लावलेल्या फलकावर तोच शब्द 'पौंगडावस्था' असा छापला होता, हे त्या मुलीच्या बाजूने सांगायला हवं. बिचारीने छापलेलं तसं वाचलं.

हा अनुस्वार फार छळतो. पौ-गं-डा-व-स्था. टिंब 'ग'वर, 'पौ'वर नाही, आणि दोन्हीवर तर नाहीच. पौगंड अधिक अवस्था असा संधी मनात फोडून बघितला की चुकत नाही. छापखान्यात फलक करून देणाऱ्या मुलाला फोनवर सांगू नका, लिहून पाठवा, आणि प्रूफ आल्यावर हाच शब्द आधी बघा. आणखी एक, 'पौगंडावस्थेतील वय' किंवा 'किशोरवयीन वयातील मुले' असं लिहू नका. अवस्थेत वय आलंच, आणि 'वयीन'मध्ये तर ते उघड उघड बसलंय. माहितीपत्रकांत ही चूक इतकी भेटते की आता लाल पेन आपोआप तिकडे वळतं.

आता 'किशोर'. या शब्दाचा जन्म मात्र मोठा गोड आहे. संस्कृतात किशोर म्हणजे आधी घोड्याचं शिंगरू. अमरकोशात हा शब्द घोड्यांच्या नावांत सापडतो, माणसांच्या नाही. लांब पाय, अंगात वारं, एका जागी ठरत नाही, असं ते शिंगरू, आणि मग त्यावरून वाढत्या वयाचा मुलगा. आपल्याकडे आया अजून ओरडतात ना, 'एवढा घोडा झालास तरी ताट उचलत नाहीस!' त्यांना अमरकोश ठाऊक नसतो, पण निरीक्षण तेच.

मराठीत 'किशोर' सुटा वापरला की जरा पुस्तकी आणि प्रेमळ वाटतो, 'किशोरवयीन' मात्र सगळीकडे चालतो. सरकारी कागदावर, वर्तमानपत्रात, डॉक्टरांच्या तोंडी, पालकसभेत. त्यात चिडवणं नाही, उपदेशही नाही. एवढा निरुपद्रवी शब्द मराठीत या वयासाठी दुसरा नाही, म्हणून माझी पहिली पसंती तोच. भाववाचक नाम लागलं तर 'किशोरावस्था' किंवा नुसतं 'किशोरवय' लिहा. 'कैशोर्य' सुंदर आहे, पण कवितेला ठेवा. पालकांसाठी वेगळी ओळ घालायची असेल तर 'किशोरवयीन मुलांचे पालक' पुरे. 'पौगंडावस्थेतील पाल्यांचे पालक' ही ओळ मी खरोखरच छापलेली पाहिली आहे. एका दमात म्हणून बघा.

गंमत पुढे आहे. 'किशोर' लहान की 'कुमार' लहान? श्लोकात बघितलंत, कौमार पाच वर्षांपर्यंत. आयुर्वेदात आजही बालरोगांच्या शाखेचं नाव कौमारभृत्य. शिरोड्याच्या आयुर्वेद महाविद्यालयात हा विषय शिकणाऱ्याला विचारलंत तर कुमार म्हणजे अगदी तान्हं बाळसुद्धा. पण मैदानावर या. खो-खोत किशोर-किशोरी गट चौदा वर्षांखालचा आणि कुमार गट अठरा वर्षांखालचा. कबड्डीतही किशोर आधी, कुमार नंतर. म्हणजे मैदानावर कुमार हा किशोरचा दादा, आणि श्लोकात त्याचा धाकटा भाऊ. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत पुन्हा तिसरीच मांडणी: आठवीपर्यंत बालभारती, नववी-दहावीला कुमारभारती, अकरावी-बारावीला युवकभारती. आणि त्याच बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या मुलांच्या मासिकाचं नाव 'किशोर', जे चौथी-पाचवीतली पोरंही वाचतात. पाठ्यपुस्तकांची मांडणी मला स्वतःला सगळ्यात सोयीची वाटते, कारण ती शाळेच्या इयत्तांशी जुळते आणि मराठी घरांत ती नावं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली आहेत. साहित्यातही बालसाहित्य आणि कुमारसाहित्य असे दोन कप्पे आहेत आणि साधारण बारा-तेरापासून पुढे कुमारसाहित्य धरतात. तुमच्या ग्रंथालयात कपाटावर चिठ्ठी लावायची असेल तर 'कुमार' लावा. आठवीतलं पोर 'बाल' लिहिलेल्या कपाटाकडे मेलं तरी जायचं नाही.

'कुमार' उपाधी म्हणूनही येतो आणि एकदा चिकटला की वय वाढलं तरी सुटत नाही. शिवपुत्र कोमकळी हा मुलगा लहानपणीच इतका गायचा की त्याला कुमार गंधर्व म्हणू लागले, ते शेवटपर्यंत कुमारच राहिले. आपल्या मंगेशीच्या दीनानाथांचं तसंच. संगीत नाटकांत गाणाऱ्या पोरांना 'मास्टर' लावायची पद्धत होती. दीनानाथ तेरा-चौदाव्या वर्षी किर्लोस्कर मंडळीत गेले, पुढे १९१८ साली बलवंत संगीत मंडळीचे एक मालक झाले, तरी जाहिरातीत आणि लोकांच्या तोंडी मास्टर दीनानाथच. मुलींच्या बाजूने मात्र 'कुमारी'चा अर्थ वयावरून सरकून लग्नावर गेला. चाळिशीची अविवाहित बाई कागदोपत्री कुमारी, आणि कोवळ्या वयात लग्न लावून दिलेली पोर सौभाग्यवती. म्हणून मुलींच्या वयोगटासाठी 'कुमारी' मी शक्यतो वापरत नाही. कार्यक्रमपत्रिकेत नावापुढे 'कु.' लावता ते ठीक, आणि हल्ली मुलगे-मुली दोघांनाही ते लावतात तेही ठीक.

खरी परीक्षा होते सरकारी कागदावर. तिथे शब्दामागे वय बांधलेलं असतं आणि हलगर्जीपणा चालत नाही. सतरा वर्षांचा, बारावीतला एक मुलगा घ्या. आरोग्य खात्याच्या दृष्टीने तो किशोर, कारण २०१४ साली सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षं धरतो आणि जागतिक आरोग्य संघटनाही तेच धरते. मजूर खात्याच्या दृष्टीने तो किशोरवयीन, पण वेगळ्या मापाने: १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे चौदा पूर्ण झालेला आणि अठरा पूर्ण न झालेला तो किशोरवयीन, आणि त्याला धोकादायक कामावर ठेवायला मनाई. चौदाखालचा बालक. हाच मुलगा कोर्टात गेला तर तिथे तो बालक, कारण पॉक्सो कायदा २०१२ चा असो की बाल न्याय कायदा २०१५ चा, दोन्हींत अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालकच, आणि आपल्या गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्यातही मुख्य व्याख्या तीच. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात वय १५ ते २९, म्हणजे तिथे तो युवा. खो-खोच्या मैदानात कुमार. युवकभारतीच्या हिशोबाने युवक. घरी आईसाठी अजून 'भुरगो', कोंकणीत लहान मूल. आणि बँकेत खातं काढायला गेला तर अज्ञान! कायद्याने सज्ञान न झालेला या अर्थाचा हा 'अज्ञान' शब्द नवख्यांना फार दचकवतो. महाराष्ट्रातल्या सातबारावर 'अ.पा.क.' अशी अक्षरं दिसतात, ती अज्ञान पालनकर्त्याची. आपल्याकडच्या, गोव्यातल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याची सवय असलेल्या माणसाला ते आडनावाचं लघुरूप वाटतं.

म्हणून नियम एवढाच पाळा: कागद ज्या कायद्याखाली किंवा योजनेखाली निघतोय, त्याचाच शब्द उचला, आणि शेजारी वय आकड्यांत लिहा. 'किशोरवयीन कामगार (वय १४ ते १८)' असं लिहिलं की पुढचा वाद मिटतो. 'अल्पवयीन' हा पोलिसांचा आणि कोर्टाचा शब्द. वर्तमानपत्रांनी तो गुन्ह्याच्या बातम्यांत इतका घासलाय की 'अल्पवयीन मुलांसाठी चित्रकला स्पर्धा' असं वाचलं की रंगपेटीच्या आधी हवालदार डोळ्यांसमोर येतो.

तुमच्या अध्यक्षांचा 'युवक' आता घेऊ. ते उत्साहाने बोललेत, वाईट हेतूने नाही. आठवीच्या मुलाला 'युवक' म्हटलं की तो ताठ बसतो, हे खरं. पण मराठीत युवक-युवती म्हटल्यावर महाविद्यालयापासून पुढची मंडळी डोळ्यांसमोर येतात. 'तरुण' त्याहून सैल. पंचविशीचाही तरुण आणि मंडळाच्या निवडणुकीत पन्नाशीचाही. आणि 'युवा' हा शब्द मराठीत दुसऱ्या शब्दाला जोडून शोभतो: युवा महोत्सव, युवा केंद्र, युवा धोरण. सुटा वापरून 'युवांनी पुढे यावे' असं लिहिलं की ते हिंदीच्या वळणाचं वाटतं. 'युवकांनी' लिहा, नाहीतर 'तरुणांनी'. 'तरुणाई'ही हल्ली सगळीकडे बोकाळली आहे. 'तरुणाई थिरकली', 'तरुणाईचा जल्लोष'. वाईट नाही, पण कार्निव्हल संपला तरी ती थिरकतच असते, म्हणून मी तिला जरा लांब ठेवतो. 'तरुण' लिहिताना रु ऱ्हस्व. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून उपान्त्य असूनही ऱ्हस्व राहतो. ज्यांच्याकडे 'तरुण भारत' येतो त्यांना रोज सकाळी मथळ्यावर बरोबर रूप बघायला मिळतं, तरी स्मरणिकेत 'तरूण' लिहून पाठवतात.

गोव्यात आणखी एक गुंतागुंत आहे, ती पुण्या-मुंबईच्या शब्दकोशवाल्यांना चटकन कळत नाही. आपल्या बऱ्याच मुलांच्या घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी. त्यामुळे या वयाचं नाव त्यांना पहिल्यांदा कळतं ते 'टीनएजर' म्हणून. बोलण्यात ते चालू द्या, त्यात काही बिघडत नाही. फक्त ते वय तेरा ते एकोणीस, कारण इंग्रजी आकड्यांच्या शेपटीवरून तो शब्द झालाय. आपले आकडे वेगळे वळतात: अकरा, बारा, तेरा करत, मधले चौदा आणि सोळा सोडले तर, 'रा'ची रांग अठराला थांबते आणि एकोणीस विसाच्या दारात जाऊन उभा राहतो. लिहिताना 'टीनएजर्सना' असं दोन भाषांचं अनेकवचन एकावर एक चढवू नका. 'टीनएजरांना' म्हणा, किंवा सरळ 'तेरा-चौदाच्या मुलांना'.

कोंकणीतून मराठी करताना तर सांभाळायलाच हवं. १९८७ च्या राजभाषा कायद्यामुळे कोंकणी राजभाषा आणि मराठीचाही सरकारी कामात वापर, त्यामुळे एकच मजकूर दोन्हींत करायची वेळ येते. कोंकणीतले 'तरणाटे' म्हणजे साधे तरुण. त्याचं मराठीत कोणी 'तरणेबांड' करतं. आपल्या 'तरण्या'त अंगातली रग आहे, तरणाताठा, तरणाबांड. रोजगार मेळाव्याच्या जाहिरातीत 'तरणेताठे उमेदवार' आले की कुस्तीचा आखाडाच वाटायचा. तसंच 'भुरगीं'. त्याचं मराठी 'बालके' नाही, 'मुलं'. कोंकणी आई वीस वर्षांच्या लेकालाही भुरगोच म्हणते.

बोलीतल्या शब्दांची ही श्रीमंती पत्रिकेवर नाही चालणार, पण व्याख्यात्याला जरूर द्या. 'वयात येणं' हा या सगळ्यात उत्तम. साधा, निर्मळ, घरात म्हणता येण्यासारखा. एकच अडचण, लोकांच्या डोक्यात तो मुलींनाच चिकटलाय, तेव्हा बोलताना 'मुलगेही वयात येतात' हे मुद्दाम म्हणायला हवं. मिसरूड फुटणं मुलग्यांचं. पदर येणं, न्हाण येणं हे आजीच्या पिढीचे शब्द, आजच्या मुलींना उलगडून सांगावे लागतील. 'अडनिडं वय' मला फार आवडतो, कारण त्यात दोष मुलावर नाही, वयावर आहे. लहानांत खेळायला लाज आणि मोठ्यांत बसायला बंदी, असं ते अडनिडं. 'शिंगं फुटली' मात्र पालकसभेत म्हणू नका, मुलं समोर असतील तर नकोच. आणि गद्धेपंचविशीला तुमच्या दहावीवाल्यांना अजून थोडा अवकाश आहे, ती सोळापासून पुढे मोजतात. समुपदेशक मंडळींचा लाडका 'उमलत्या वयातील कळ्या' पत्रिकेत आला असेल तर काढून टाका. नववीतला मुलगा स्वतःला कळी म्हणवून घेत नाही, मुलगीही नाही.

आता मुलींचा प्रश्न. मराठीचं व्याकरण इथे मदतीला आहे. मुलगा, मुलगी, मूल. अनेकवचनात मुलगे, मुली, मुले. यातलं 'मुले' नपुंसकलिंगी, आणि त्यात दोघंही येतात. 'मुलगे आले', 'मुली आल्या', पण एकत्र असतील तर 'मुले आली'. क्रियापदावरून लगेच कळतं. म्हणून 'किशोरवयीन मुलांसाठी' म्हटलं की मुली आत. 'किशोरवयीन' हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही, ही आणखी एक सोय. नुसतं 'किशोरांसाठी' लिहिलं तर मात्र पुल्लिंग पुढे येतं आणि मुलींना बाहेर उभं केल्यासारखं होतं. फक्त मुलींसाठी असेल तर 'किशोरी' हा स्वतंत्र, चांगला रुळलेला शब्द आहे. अंगणवाडी ताईंनी आणि आरोग्य सेविकांनी तो गावागावांत पोचवलाय. किशोरीला, किशोरींना, किशोरींसाठी, अशी रूपं. कि ऱ्हस्व, री दीर्घ.

तुमच्या मसुद्यात दुपारनंतर मुलींचं आणि मुलग्यांचं सत्र वेगवेगळं दाखवलंय. पहिल्यापुढे 'किशोरींसाठी' छापा. दुसऱ्यापुढे सध्या 'मुलांसाठी' आहे, ते 'मुलग्यांसाठी' करा. नाहीतर मुलीही तिथे येऊन बसतील, आणि व्याकरणाने बरोबर त्याच असतील.